प, ब, म

रेनातोच्या गळ्यात तीन वर्षं नळी होती.
श्वास तिथूनच यायचा, तिथूनच जायचा,
वर आवाजाच्या घरात शिरायचाच नाही.
त्यामुळे तो रडला की नुसतं तोंड रडायचं,
काचेपलीकडच्या माणसासारखं.

आई त्याच्या मोज्याला मेंढीची घंटी शिवायची.
रात्री पाय झाडले की ती वाजे,
मग कफ ओढायचं यंत्र,
मग अंधारात जनरेटरची दोरी,
कारण चिलोए बेटावर वारा सुटला
की पहिली जाते ती वीज.

तो ओठांनी बोलायचा, आणि ते मला वाचता यायचं.
नऊ वर्षांची होते मी, घरातली दुभाषी.
दूध हवंय. टोचतंय. खिडकी उघड.
पण एक शब्द असा होता
दोनदा ओठ मिटून, दोनदा उघडून,
दिवसातून पन्नास वेळा,
आणि त्यावरून घरात जुंपायची.
बाबा म्हणायचा, पपा म्हणतोय.
आई म्हणायची, डोळे फुटलेत का, ममा आहे ते.

प, ब, म.
आरशासमोर करून बघा, आवाज न काढता.
तिळी भावंडं आहेत ती,
ओठांवरून ओळखू येत नाहीत.

शिंपल्यांच्या दोऱ्या उपसून आलेल्या बाबाला
मी हळूच सांगायची, पपाच.
चुलीपाशी आईला, ममाच गं, आणखी काय.
दोघंही खूश.
मला पावाचा कडक कोपरा मिळायचा.

मग ती तारीख आली.
बस, फेरीबोट, पुन्हा बस,
मांडीवर यंत्र, यंत्रावर लोकरीची शाल.
पुएर्तो माँतचं इस्पितळ, चौथा मजला,
खिडकीत ढग, ढगात कुठेतरी ज्वालामुखी.
डॉक्टर ओयार्सूनबाईंनी नळीच्या तोंडाला
लाल बूच लावलं, करंगळीच्या नखाएवढं.
आता नाकानं घे, राजा.

त्याला कळेना. डोळे मोठे झाले.
यंत्रावरचा आकडा ब्याण्णव.
एकोणनव्वद.
बाबानं लोकरीची टोपी काढून चावायला घेतली.
एकोणनव्वदच.
एक्क्याण्णव. शहाण्णव.
आणि खोकला आला. खोकल्यामागून
गंजक्या बिजागरीसारखं काहीतरी.
रेनातोनं मान वळवून मागे पाहिलं,
कोण बोललं म्हणून.

मागे कुणी नव्हतं.
त्यानं पुन्हा करून बघितलं.
दोनदा ओठ मिटून, दोनदा उघडून:
पांपा.
पपा म्हणाला! बाबा ओरडला.
नर्स यास्नानं टाळ्या वाजवल्या.
पांपा, रेनातो म्हणाला, आता वैतागून, स्वच्छ,
पांपा कुठंय?

पांपा आमची कुत्री.
एका कानाची, कोंबड्यांची वैरीण,
त्याच्या खाटेखाली झोपणारी.

कुणी काही बोललं नाही.
आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.
मिलाराय, तू तर म्हणाली होतीस...
मी जमिनीवरच्या फरशा मोजत राहिले.
सुरुवातीपासून ठाऊक होतं मला.
म्हणताना तो कायम दाराच्या फटीकडे बघायचा.
मग बाबा हसायला लागला, टोपीत तोंड खुपसून,
आणि ते हसणं मधेच कुठेतरी दुसरंच काही झालं.

त्या रात्री बूच तसंच ठेवायचं होतं.
मला खुर्चीत झोप येत नव्हती.
आता दूध तो स्वतः मागेल,
टोचलं तर स्वतः सांगेल.
चांगलंच आहे, असं मी मनात म्हटलं,
दोनतीनदा म्हणावं लागलं.

तीनच्या सुमाराला तो रडला.
खराखुरा, घोगरा, आख्ख्या वॉर्डाला जागं करणारा.
आई दाराशी होती, गरम पाण्याचा थर्मास हातात.
ती धावली नाही.
चौकट धरून तशीच उभी राहिली.
यास्ना पळत आली तर आईनं बोट वर केलं,
थांब.
थोडंसंच.

माझ्या हातात त्याचा काढून ठेवलेला मोजा होता.
घंटी वाजू नये म्हणून
मी मूठ घट्ट मिटली.